'पर्यंत' या शब्दाची हद्द : सामाईक इमारतींतील वीजजोडणीचे वाद आणि त्यांची भाषा

महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठी जे आदर्श उपविधी तयार करण्यात आले आहेत, त्यांत दुरुस्तीच्या खर्चाची वाटणी ठरविणारा एक उपविधी आहे. २०१४ च्या आदर्श उपविधींत त्याचे दोन भाग आढळतात. पहिल्या भागात अंतर्गत रस्ते, कुंपणाच्या भिंती, पाण्याच्या टाक्या, पंप, जिने, गच्ची, जिन्यातील दिवे, लिफ्ट इत्यादी बाबींची यादी देऊन त्यांची दुरुस्ती संस्थेने आपल्या खर्चाने करावी असे सांगितले आहे. आणि या यादीत जे येत नाही ते सर्व ज्या त्या सभासदाने स्वखर्चाने करावे, असे दुसऱ्या भागात म्हटले आहे. या यादीतील एक बाब विजेची आहे. 'फ्लॅटमधील मेन स्विचपर्यंतच्या वीजवाहिन्या' संस्थेच्या, असा तिचा आशय.

वाचताना हा नियम अगदी स्वच्छ वाटतो. एक रेषा आखली, तिच्या अलीकडचे संस्थेचे आणि पलीकडचे सभासदाचे. परंतु इमारतीतील वीजजोडणीवरून जे तंटे होतात त्यांचे स्वरूप तपासले असता असे दिसते की, या चार शब्दांपैकी एकही शब्द निर्विवाद नाही. 'फ्लॅटमधील' हे विशेषण कशाचे, 'मेन स्विच' म्हणजे कोणता, 'पर्यंत' म्हणजे तो धरून की सोडून, आणि 'वीजवाहिनी'त काय काय येते, या चारही प्रश्नांना दोन दोन उत्तरे संभवतात. एरव्ही हा शब्दकोशाचा किंवा व्याकरणाचा विषय मानून सोडून देता आला असता. पण येथे उत्तर मिळेपर्यंत जुनी वायर भिंतीत तशीच राहते, तिच्यातून प्रवाह चालूच असतो, आणि पत्रव्यवहार लांबला म्हणून ती कमी तापते असे नाही.

शब्दांकडे वळण्यापूर्वी वस्तू समजून घेतली पाहिजे. रस्त्यातून येणारी जाड केबल प्रथम इमारतीच्या तळमजल्यावरील मीटरच्या खोलीत येते. तेथे वीज पुरविणाऱ्या कंपनीचा कटाउट असतो. कंपनीच्या स्वतःच्या साधनांची साखळी सामान्यतः येथे व मीटरांपाशी संपते. मीटरांखाली प्रत्येक फ्लॅटचा एक स्विच असतो. त्या स्विचमधून निघालेल्या वायरी डक्टातून किंवा जिन्याच्या भिंतीवरून वर चढतात व ज्या त्या फ्लॅटमधील बोर्डावर येऊन पोहोचतात. तेथून पुढे दिवे, पंखे, गीझर यांच्याकडे फाटे फुटतात. अलीकडच्या उंच इमारतींत ही रचना बदलते. तेथे एकच मोठी वाहिनी किंवा तांब्या-ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांची पेटी सर्व मजल्यांतून वर जाते व मीटर मजल्यामजल्यावर असतात. पण चार-पाच मजल्यांच्या, तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या इमारतींत पहिलाच प्रकार आढळतो, आणि अशा इमारतींत भांडणाला जागा अधिक असते.

आता 'मेन स्विच' हा शब्द घ्यावा. वायरमनच्या बोलीत 'मेन' हा शब्द स्वतंत्रपणे नामासारखा चालतो : 'मेन बंद कर', 'मेनला हात लावू नकोस'. हा 'मेन' संदर्भाप्रमाणे फिरतो. मीटरच्या खोलीत उभा राहून बोलणाऱ्याचा मेन मीटरखालचा. फ्लॅटमध्ये उभा राहून बोलणाऱ्याचा मेन दाराजवळच्या बोर्डावरचा. आणि पंपाच्या खोलीत त्याहून वेगळा. 'इकडे', 'तिकडे', 'वर', 'खाली' या शब्दांप्रमाणेच त्याचा अर्थ बोलणाऱ्याच्या जागेवर अवलंबून असतो. उपविधीला असा फिरता शब्द चालत नाही, म्हणून त्याने 'फ्लॅटमधील' असे विशेषण जोडून तो एका जागी खिळविण्याचा प्रयत्न केलेला आहे. अडचण अशी की, अनेक जुन्या इमारतींत फ्लॅटच्या आत मेन स्विच नसतोच. तेथे फक्त फ्यूजचा बोर्ड असतो व एकमेव स्विच मीटरखाली असतो. म्हणजे नियमाने ज्या वस्तूकडे बोट दाखविले ती वस्तूच जागेवर नाही. अशा वेळी संस्था म्हणते की मेन स्विच खाली आहे, तेव्हा आमची जबाबदारी खाली संपली. सभासद म्हणतो की नियमात फ्लॅटमधील असे स्पष्ट आहे, तेव्हा ती माझ्या बोर्डाशी संपते. दोघांच्या मध्ये तीन-चार मजल्यांची उभी वायर बेवारस लोंबत राहते.

मराठीच्या रचनेने यात आणखी एक भर घातली आहे. इंग्रजी पाठात 'फ्लॅटमधील' हा अंश स्विच या शब्दाला लागूनच त्याच्या मागून येतो, त्यामुळे तो त्याचेच विशेषण आहे हे कळते. मराठीत विशेषणे आधी येतात व एकापुढे एक रचली जातात. परिणामी 'फ्लॅटमधील मेन स्विचपर्यंतच्या वीजवाहिन्या' या पदसमूहाची फोड दोन प्रकारे करता येते : फ्लॅटमध्ये जो मेन स्विच आहे त्याच्यापर्यंतच्या वाहिन्या, किंवा मेन स्विचपर्यंतच्या अशा ज्या वाहिन्या फ्लॅटमध्ये आहेत त्या. दुसरा अर्थ नियम करणाऱ्याच्या मनात नव्हता हे उघड आहे. तथापि सर्वसाधारण सभेत तो मांडला गेल्यास केवळ व्याकरणाच्या आधारे तो खोडून काढता येत नाही.

याच संदर्भात 'मधील' आणि 'चा' यांतील भेदही ध्यानात घेतला पाहिजे. जुन्या इमारतींत तिसऱ्या मजल्याची वायर कित्येकदा पहिल्या मजल्यावरील फ्लॅटच्या माळ्यावरून किंवा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातून वर गेलेली असते. ही वायर त्या फ्लॅट'मधील' आहे, पण त्या फ्लॅट'ची' नाही. भाषेत अधिकरण आणि संबंध या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. व्यवहारात माणूस त्या सहज एक करतो. आपल्या भिंतीत जे आहे ते आपले, या समजुतीने फ्लॅटचे नूतनीकरण करताना अशी वायर तोडली जाते, वळविली जाते, किंवा तिच्यावर कपाट ठोकले जाते. आणि मग तिसऱ्या मजल्यावरचा मनुष्य पहिल्या मजल्याचे दार ठोठावतो.

परंतु वादाचे खरे केंद्र 'पर्यंत' हे शब्दयोगी अव्यय होय. संस्कृत 'परि' व 'अन्त' यांपासून तो शब्द आला. मूळ अर्थ सभोवारची कड, सीमा. सीमा ही सीमेच्या आतल्या वस्तूत मोडते की बाहेरच्या, हा प्रश्न भारतीय व्याकरणपरंपरेला नवा नाही. पाणिनीने 'आ' या अव्ययाच्या संदर्भात मर्यादा आणि अभिविधी असे दोन अर्थ वेगळे केले आहेत. सीमा वगळून जेथे थांबावयाचे ती मर्यादा. सीमेला कवेत घेऊन जेथे थांबावयाचे तो अभिविधी. पाटलिपुत्रापर्यंत पाऊस पडला असे म्हटले, तर खुद्द पाटलिपुत्राचे रस्ते भिजले की कोरडे राहिले, हे त्या शब्दावरून ठरत नाही, असा या चर्चेतील प्रसिद्ध उदाहरणाचा रोख आहे. मराठीनेही हे दोन्ही अर्थ तत्सम शब्दांतून सांभाळले आहेत : 'आमरण' मध्ये मरण ही मर्यादा आहे, तर 'आबालवृद्ध' मध्ये बालक व वृद्ध दोन्ही जमेस धरलेले आहेत.

मराठीतील 'पर्यंत'चा रोजचा वापर पाहिला तर त्यात एक नियमितपणा आढळतो. 'दहापर्यंत मोज' म्हटल्यावर मूल दहा हा आकडा उच्चारतेच. 'सोमवारपर्यंत उत्तर द्यावे' म्हटल्यावर सोमवारी दिलेले उत्तर चालते. 'चौथीपर्यंत शिकला' म्हणजे चौथी पुरी केली. उलट, 'भिंतीपर्यंत रस्ता झाडला' म्हणजे भिंत झाडली असे कोणी समजत नाही. 'पाहुण्यांना दारापर्यंत पोहोचवून ये' यात दार उचलून नेण्याचा प्रश्न येत नाही. तात्पर्य, सीमा म्हणून सांगितलेली वस्तू एखाद्या मालिकेतील घटक असेल, म्हणजे आकडा, वार, इयत्ता असेल, तर 'पर्यंत' तिला सामावून घेतो. आणि ती वाटेत उभी असलेली, प्रवाहाला किंवा हालचालीला अडविणारी वस्तू असेल, तर 'पर्यंत' तिच्या अलीकडे थांबतो.

मेन स्विच या दोहोंपैकी काय आहे? तो दोन्ही आहे, आणि येथेच हा प्रश्न अवघड होतो. कटाउट, मीटर, स्विच, वायर, पुन्हा स्विच अशा साखळीतील तो एक दुवा आहे, म्हणून अभिविधी लागू व्हावा. पण प्रवाहाला अडविणे हेच त्याचे काम, म्हणून मर्यादा लागू व्हावी. सभासदाला पहिला अर्थ सोयीचा, संस्थेला दुसरा. दोघांचेही मराठी शुद्ध आहे.

एखादा वाचक म्हणेल की, एका स्विचची किंमत ती काय, कोणीही द्यावी. प्रश्न किमतीचा असता तर हे म्हणणे मान्य करता आले असते. वीजजोडणीत दोष निर्माण होण्याची शक्यता सरळ धावणाऱ्या वायरीत कमी आणि जोडाच्या ठिकाणी अधिक असते. वायरीचे टोक स्विचच्या पितळी खाचेत घालून स्क्रूने आवळतात. तो स्क्रू सैल झाला, किंवा टोकावर गंज चढला, की त्या ठिकाणी प्रवाहाला विरोध वाढतो. हा विरोध दिसण्यात नगण्य असतो. समजा तो एक ओहमचा दहावा भाग आहे. दहा अँपिअर प्रवाह असताना तेथे दहा वॅट उष्णता निर्माण होईल. परंतु उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे प्रवाह तीस अँपिअर झाल्यास ती नव्वद वॅट होईल. डाख देण्याची साधी विजेची कांडी सुमारे पंचवीस वॅटची असते हे लक्षात घेतले म्हणजे, लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या बंद पेटीत नव्वद वॅट म्हणजे काय याची कल्पना येईल. ज्या इमारतींत ॲल्युमिनियमच्या वायरी घातलेल्या आहेत तेथे हा धोका अधिक. तांब्याच्या तुटवड्यामुळे एके काळी आपल्याकडे या वायरींचा वापर वाढला होता. ॲल्युमिनियमवर हवेने जो थर चढतो तो वीज नीट वाहू देत नाही. शिवाय तो धातू तापला की पितळापेक्षा अधिक फुगतो व निवाला की आकसतो, त्यामुळे आवळलेला स्क्रू पुन्हा सैल पडतो. म्हणजे ज्या बिंदूवर 'पर्यंत' या शब्दाचा अर्थ संदिग्ध आहे, नेमका त्याच बिंदूवर वायर जळण्याचा संभव फार. संस्थेचा वायरमन तो स्क्रू आवळीत नाही, कारण स्विच सभासदाचा. सभासदाचा वायरमन आवळीत नाही, कारण त्यात येणारी वायर संस्थेची, आणि ती हाताळायची तर खालचा स्विच बंद करावा लागतो व मीटरच्या खोलीची किल्ली सचिवांकडे असते.

जोडाच्या खालोखाल वादाला कारण होणारी गोष्ट म्हणजे न्यूट्रल. वीज इमारतीत तीन फेजांनी येते, आणि फ्लॅट या तीन फेजांवर वाटलेले असतात. प्रत्येक फेज व न्यूट्रल यांच्यामध्ये २३० व्होल्ट, तर दोन फेजांमध्ये सुमारे ४०० व्होल्ट असतात. परतीची वाट असलेला न्यूट्रल मात्र सर्वांचा मिळून एक. हा सामाईक न्यूट्रल मीटरच्या खोलीत कोठे तुटला किंवा सैल झाला, तर निरनिराळ्या फेजांवरील फ्लॅट नकळत एकमेकांशी एकसर जोडले जातात. समजा, एका फ्लॅटमध्ये २३०० वॅटचा गीझर चालू आहे आणि दुसऱ्या फेजवरील फ्लॅटमध्ये केवळ २३० वॅटची उपकरणे चालू आहेत. तिसऱ्या फेजवर काहीच नाही. पहिल्याचा विरोध २३ ओहम, दुसऱ्याचा २३० ओहम. चारशे व्होल्ट या दोघांत विरोधाच्या प्रमाणात वाटले जातील : गीझरवाल्याच्या वाट्याला सुमारे ३६ व्होल्ट येतील, आणि काटकसरीने दोन दिवे व दूरदर्शन संच लावून बसलेल्याच्या वाट्याला सुमारे ३६४. पहिल्याचे पाणी तापणार नाही. दुसऱ्याचा संच जळेल. सामाईक भागातील दोषाची झळ खाजगी भागात, आणि तीही जो कमी वापर करीत होता त्यालाच, अशी ही विचित्र वाटणी आहे.

या प्रसंगानंतर जी पत्रे लिहिली जातात त्यांची भाषा अभ्यासण्याजोगी असते. मराठीत कित्येक क्रियापदांच्या जोड्या आहेत : जळणे-जाळणे, तुटणे-तोडणे, सुटणे-सोडणे, उडणे-उडविणे. पहिल्या रूपात कर्ता लागत नाही, दुसऱ्यात लागतो. विजेविषयी बोलताना भाषा जवळजवळ नेहमी पहिले रूप निवडते : फ्यूज उडाला, वायर जळाली, फेज गेली, न्यूट्रल सुटला. वीज स्वतः दिसत नाही, आणि तिच्या दोषाचा क्षणही कोणी पाहिलेला नसतो, त्यामुळे ही निवड स्वाभाविक आहे. पण तक्रार करणाऱ्याला कर्ता हवा असतो. मग तो 'मुळे' या अव्ययाचा आश्रय घेतो : 'वरच्यांच्या एसीमुळे आमची वायर जळाली.' याला मिळणारे उत्तर कचेरीच्या भाषेत येते : 'सदर बाबीची पाहणी करण्यात आली असून आवश्यक ती कार्यवाही करण्यात येईल.' 'करण्यात येणे' ही रचना कचेरीच्या मराठीला इतकी अंगवळणी पडलेली आहे की, तिच्यातून कर्ता नाहीसा होतो हे लिहिणाऱ्याच्या ध्यानीही येत नाही. कोणी पाहणी केली? कोणत्या वायरमनने? पेटी उघडून, की बाहेरून? एक पक्ष 'मुळे' लावून कारणाला कर्ता बनवितो, दुसरा 'करण्यात' लावून कर्त्याला पुसून टाकतो. आणि या दोन रचनांच्या पत्रव्यवहारात सैल स्क्रूचा उल्लेख कोठेच येत नाही.

'मालक' या शब्दाचा प्रवासही येथे विचारात घेण्यासारखा आहे. अरबी मूळ असलेला हा शब्द चाळीच्या जीवनात निश्चित अर्थाने स्थिरावला होता. मालक म्हणजे घरभाडे घेणारा आणि दुरुस्ती न करणारा. मालकी हक्काच्या सदनिकांसंबंधीचा कायदा १९६३ मध्ये झाला, त्याआधीपासून सहकारी गृहनिर्माण संस्था होत्याच. हळूहळू भाडेकरू सभासद झाले आणि सभासद स्वतःला मालक म्हणवू लागले. वाक्यरचनेतील मालकाची जागा मात्र रिकामी राहिली नाही. 'मालकाने करायला हवे' या वाक्यातील कर्ता जाऊन तेथे 'सोसायटीने करायला हवे' असा कर्ता आला. बाकी वाक्य जसेच्या तसे राहिले. सोसायटी म्हणजे आपणच, हे कायद्याने खरे असले तरी भाषेने अद्याप मान्य केलेले नाही. वास्तविक सहकारी संस्थेत जमीन व इमारत ही संस्थेच्या नावे असतात व सभासदाला भागधारक म्हणून फ्लॅटच्या वहिवाटीचा हक्क असतो. तेव्हा 'माझी वायर' हे शब्द सभासद उच्चारतो तेव्हा त्यातील 'माझी'चा अर्थ खर्चाच्या वाटणीपुरताच असतो.

अपार्टमेंट पद्धतीत स्थिती निराळी आहे. पुण्यातील रहिवासी 'आमची सोसायटी नाही, अपार्टमेंट आहे' असे जे म्हणतात, त्यात हाच भेद असतो. महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम १९७० चा. त्यानुसार सदनिका त्या त्या मालकाची, आणि सामाईक भागांत प्रत्येकाचा अविभक्त हिस्सा. सामाईक खर्चही त्या हिश्श्याच्या प्रमाणात पडतो, तर सहकारी संस्थेतील सेवाशुल्क सर्व फ्लॅटांवर समान आकारले जाते. सामाईक भागांची व्याख्या करताना या अधिनियमाने वीज, प्रकाश, वायू, गरम व थंड पाणी यांच्या मध्यवर्ती यंत्रणांबरोबर इमारत गरम ठेवण्याची आणि कचरा जाळण्याची यंत्रणाही गणलेली आहे. मुंबईच्या किंवा पुण्याच्या इमारतीत खोल्या गरम करण्याची मध्यवर्ती यंत्रणा कोणी पाहिली असेल असे वाटत नाही. ही शब्दयोजना अमेरिकेत १९६० नंतरच्या वर्षांत प्रचलित झालेल्या नमुना कायद्याशी जुळते, आणि तेथील हिवाळा तिच्याबरोबर इकडे आला. व्याख्या परदेशी असली तरी विजेच्या बाबतीत ती उपविधीपेक्षा सरस आहे. ती रेषा आखीत नाही, उपयोग पाहते. जे सर्वांच्या उपयोगासाठी आहे, किंवा इमारतीच्या अस्तित्वाला, निगेला व सुरक्षिततेला आवश्यक आहे, ते सामाईक. शिवाय सामाईक भागाच्या दुरुस्तीसाठी वाजवी वेळी कोणाच्याही सदनिकेत प्रवेश करण्याचा हक्क या अधिनियमाने मालकांच्या संघाला दिला आहे. त्यामुळे वर उल्लेखिलेल्या, पहिल्या मजल्याच्या माळ्यावरून जाणाऱ्या वायरीचा प्रश्न येथे पुष्कळ सुटतो. एका फ्लॅटला जाणारी एकेरी वायर सर्वांच्या उपयोगाची म्हणता येईल काय, हा प्रश्न मात्र तसाच राहतो.

इतर कायद्यांनी तिसराच निकष घेतला आहे. वीजसुरक्षेचे नियम, म्हणजे पूर्वीचे १९५६ चे व त्यानंतर २०१० व २०२३ मध्ये केंद्रीय वीज प्राधिकरणाने केलेले, मालकीपेक्षा नियंत्रणाला महत्त्व देतात. जी साधने पुरवठादाराच्या मालकीची किंवा नियंत्रणाखाली आहेत ती त्याने सुरक्षित ठेवावीत, आणि ग्राहकाच्या नियंत्रणाखालील ग्राहकाने. आगीपासून संरक्षणाचा महाराष्ट्राचा २००६ चा अधिनियम 'मालक किंवा भोगवटादार' अशी जोडी वापरतो, आणि आगप्रतिबंधक यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारीत व जुलैत सादर करावयास सांगतो. या जोडीतील 'किंवा'वर एक स्वतंत्र लेख होऊ शकेल. नव्या इमारतीत ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातील किंवा सेवांतील दोष आढळल्यास तो विनामूल्य दूर करण्याची जबाबदारी २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाने प्रवर्तकावर टाकलेली आहे. परंतु इमारतीचे आयुष्य त्याहून पुष्कळ मोठे असते, आणि सहाव्या वर्षी रहिवासी पुन्हा 'पर्यंत'पाशी येऊन उभे राहतात.

सहकारी संस्थेतील दुरुस्तीचा वाद सहकारी न्यायालयापुढे जाऊ शकतो. मात्र तेथे जाण्याआधी सर्वसाधारण सभेने मराठीतच एक ठराव नीट लिहिला, तर बराचसा वाद उद्भवणार नाही. हा ठराव उपविधीला बदलीत नाही. आपल्या इमारतीपुरता त्याचा अर्थ निश्चित करतो. त्यासाठी 'पर्यंत'ला एकटे सोडू नये. त्याच्यामागून 'धरून' किंवा 'वगळून' यांपैकी एक शब्द यावाच. फ्लॅटमध्ये शिरणाऱ्या वायरी त्यांच्या टोकावरील जोडांसह संस्थेच्या, पण स्विच वगळून, असा एक मसुदा करता येईल. तो तर्कदृष्ट्या नेटका असला तरी व्यवहारात टिकणार नाही, कारण जोड ज्या पितळी खाचेत बसतो ती खाच स्विचचाच भाग असते, आणि अर्धा स्विच कोणाच्याही मालकीचा असू शकत नाही. त्यापेक्षा फ्लॅटमधील पहिला स्विच, तो कोठेही बसविलेला असो, संपूर्णपणे 'धरून' संस्थेकडे ठेवावा आणि त्यातून बाहेर पडणाऱ्या पहिल्या वायरीपासून सभासदाची जबाबदारी सुरू करावी, हे अधिक श्रेयस्कर. ज्या फ्लॅटमध्ये असा स्विच नाही तेथे तो बसविण्याचा खर्च कोणाचा, तेही त्याच ठरावात यावे. नाहीतर नियम पुन्हा नसलेल्या वस्तूकडे बोट दाखवील. 'मेन' हा फिरता शब्द टाळून 'मीटरखालचा स्विच' व 'दाराजवळचा स्विच' असे साधे शब्द वापरले तर वायरमनलाही ते कळतील. 'वीजवाहिनी' हा पाठ्यपुस्तकी शब्द सामान्य सभासदाच्या डोळ्यांसमोर काहीच उभे करीत नाही. तो वायर म्हणतो, जाड असेल तर केबल म्हणतो, आणि 'तार' हा जुना शब्द त्याने आता फ्यूजसाठी व कुंपणासाठी राखून ठेवला आहे. ठरावात 'वायर, केबल, त्यांचे जोड व त्यांची नळी' असे लिहिणे बरे.

वाढीव वापराचा खर्च कोणी सोसावा हा प्रश्न या ठरावाने मिटत नाही. दिवे-पंख्यांच्या काळात घातलेल्या वायरीवर आज एसी चालतात. प्रवाह दुप्पट झाला की वायरीतील उष्णता चौपट होते. सर्व वायरी बदलाव्या लागल्या तर ती दुरुस्ती की सुधारणा? 'दुरुस्ती' या शब्दात पूर्वीच्या स्थितीला परत आणण्याची कल्पना आहे. पूर्वीपेक्षा अधिक क्षमतेची वायर घालणे त्या शब्दात बसविणे कठीण. एसी न लावलेला सभासद असा युक्तिवाद करील आणि तो चुकीचा ठरणार नाही. पण चाळीस वर्षांच्या वायरीचे आवरण वापर वाढला नसता तरी उन्हाने व उष्णतेने ठिसूळ झालेच असते. तेव्हा जुन्याइतक्या क्षमतेच्या नव्या वायरीचा खर्च सर्वांनी व वरच्या फरकाचा खर्च वाढीव वीजभार मंजूर करून घेतलेल्यांनी उचलणे न्यायाचे होईल. मंजूर भाराचा आकडा प्रत्येकाच्या वीजबिलावर छापलेला असतो, म्हणून हिशोबाला अडचण पडू नये.

राहता राहिली तपासणीची नोंद. मीटरच्या खोलीतील व दाराजवळच्या स्विचांतील जोड वर्षातून एकदा आवळून घेणे, हे सर्व ठरावांहून अधिक उपयोगी काम आहे. त्याची नोंद ठेवताना 'तपासणी करण्यात आली' असे लिहू नये. कोणत्या तारखेला, कोणत्या परवानाधारक वायरमनने, कोणत्या फ्लॅटांच्या पेट्या उघडल्या, कोणते जोड सैल आढळले आणि कोणत्या फ्लॅटला कुलूप असल्यामुळे पेटी पाहता आली नाही, हे कर्त्यासह लिहावे.